मागच्या सीटचे बूट

६ नोव्हेंबर

ताई,

आधी नमस्कार, मग बाकीचं. फोनवर आपलं दर वेळी वाजतं आणि तू मधेच ठेवून देतेस, म्हणून आता लिहूनच बोलायचं ठरवलंय. तुझा कॉम्प्युटर हे तुला वाचून दाखवेल तेव्हा माझा आवाज चढलेला ऐकू येणार नाही, हा आणखी एक फायदा.

बातमी अशी, की फेब्रुवारीतल्या शंभर किलोमीटरच्या राइडला आपलं नाव घातलं. जोडीच्या गटात. तुला विचारलं नाही, कारण तू आधी तासभर आढेवेढे घेतले असतेस आणि मग हो म्हणाली असतीस. आपल्या टँडम सायकलचं सगळं काम करून घेतलंय. शेजारचे काका रोज गॅरेजमध्ये डोकावतात आणि एका सायकलला दोन सीट आणि चार पेडल कशाला, असं विचारतात. मी सांगतो, पुढे मी बसतो, मागे माझी मावसबहीण, आणि तिला दिसत नसलं तरी तिचे पाय माझ्यापेक्षा दणकट आहेत. काकांना ते काही केल्या पटत नाही.

आता मुद्द्याचं. साध्या पेडलवर आता भागणार नाही. दुकानदारानं माझं डोकं खाऊन जे समजावलं ते तुला थोडक्यात सांगतो. क्लिपलेस पेडल घ्यायची. बुटाच्या तळाला क्लीट म्हणून एक तुकडा बसवतात, तो पेडलमध्ये खट्‌कन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. बुटांचे प्रकार दोन. एकाचा तळ फळीसारखा कडक, त्याला तीन बोल्टची मोठी प्लास्टिकची क्लीट. जोर जराही वाया जात नाही, पण ते घालून चालणं म्हणजे तमाशा. दुसऱ्याचा तळ रबरी, त्याच्या खाचेत दोन बोल्टची छोटी लोखंडी क्लीट लपलेली असते, त्यामुळे उतरल्यावर माणसासारखं चालता येतं. पहिला प्रकार मला, दुसरा तुला. मी आणलेसुद्धा माझे, पांढरे शुभ्र. दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीशेजारी ठेवून बघितले, दात काढायला आलेला माणूस दुखणं विसरला.

खरं सांगू का, तुला साधी पेडलसुद्धा चालतील. पाय अडकवण्याची भानगडच नको. तरी कागदावर पाय ठेवून भावोजींकडून पेन्सिल फिरवून घे आणि फोटो पाठव. पुढचं सगळं मी बघतो.

तुझा ढब्बू


१४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडता घेतलाय. कारण खाली येईलच.

पायाचं माप सोबत आहे. ते संध्याकाळी, हॉस्पिटलमधून आल्यावर काढलंय. दिवसभर उभं राहून पाय फुगतात, आणि सकाळच्या मापाचे बूट दुपारी बोटांना चावायला लागतात. तुझ्या दुकानदारानं हे सांगितलं नसेल तर दुकान बदल. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा आहे, बूट उजव्याच्या मापाचे घे.

आणि घे ते कडक तळाचे, तीन बोल्टचे. तू फार विचार केलास, पण उलटा केलास. मी मागे बसून काय करते? हँडल वळवत नाही, ब्रेक दाबत नाही, रस्ता बघत नाही. नुसतं पेडल मारते. जिला फक्त पेडलच मारायचंय तिलाच तू लुसलुशीत तळाचे बूट घालायला निघालास. एकाच बाजूनं अडकणारं पेडल असतं ना, ते आमच्या फिजिओथेरपी विभागातल्या मुलीनं मला हातात आणून दिलं. ते मोकळं असलं की नेहमी एकाच पद्धतीनं लटकतं, टोक वर करून. म्हणजे पाय कुठे न्यायचा ते मला न बघता कळतं. तुम्हा डोळसांना खाली वाकून बघावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

क्लीट मात्र टाचेला थोडी हालचाल करू देणारी हवी. अजिबात न हलणारी नको. दिवसभर लोकांचे गुडघे माझ्या हाताखाली असतात रे, जखडून ठेवलेल्या पायाचा राग गुडघा काढतो, हे मी रोज बघते.

आता ते आशीर्वादाचं. 'तुला साधी पेडलसुद्धा चालतील' हे वाक्य मी कॉम्प्युटरकडून पुन्हा वाचून घेतलं, म्हटलं माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. ढब्बू, डोळे गेल्यापासून सगळेजण मला हात देतात. चांगली माणसं आहेत, मी कुणावर चिडत नाही. पण दिवसातून एकदा तरी वाटतं की मी कुणाच्या तरी कोपराला लटकलेली वस्तू आहे. त्या सायकलवर तसं वाटत नाही. तिथे अर्धा जोर माझा असतो आणि तो मला कुणी कौतुकानं दिलेला नसतो. माझ्याकडे अशी ती एकच जागा आहे आणि ती मला गमवायची नाही. मला बसवून न्यायचं असेल तर रिक्षा कर. चालवायला न्यायचं असेल तर बूट आण.

मावशीला नमस्कार सांग. तिचा खांदा दुखतो म्हणून शिकवलेला व्यायाम ती करत नाही, हे मला तिच्या फोनवरच्या 'हो गं' वरून कळतं.

ताई


२१ नोव्हेंबर

ताई,

शरण आलो. बूट आणले, तीन बोल्टचे, तुझ्या उजव्या पायाच्या मापाचे. क्लीट टाच हलू देणारी. पेडल तू म्हणतेस तशीच, एका बाजूची. दुकानदार म्हणाला, मॅडमना एवढं कळतं तर त्यांनाच का नाही पाठवत? मी म्हटलं, पाठवलं तर तुम्हाला दुकान आवरतं घ्यावं लागेल.

पण माझी एक अट आहे आणि तिच्यावर घासाघीस नाही. थांबायची वेळ आली की मी ओरडेन, "टेकतोय". तू लगेच डावी टाच फिरवून पाय बाहेर काढायचा आणि माझ्याबरोबर जमिनीवर टेकवायचा. दोघांचे पाय खाली म्हणजे सायकल दुप्पट पक्की. हॉस्पिटलमधल्या जागेवरच्या सायकलला ही पेडल लावून घे आणि सराव कर. पाय काढताना विचार करावा लागता कामा नये, इतका कर. पेडलवर एक छोटा स्क्रू आहे, तो ढिला करून देतोय, म्हणजे पाय हलक्यानं सुटेल.

मागचा माणूस अडकला तर पुढचाही जातो, एवढंच माझं म्हणणं. तू रागावशील हे धरून चाललोय.

ढब्बू


२९ नोव्हेंबर

चि. ढब्बू,

रागावले नाही. अट मान्य. पुढे तू बसतोस, थांबायचं कसं ते तू ठरवायचं.

बूट मिळाले. पहिल्या दिवशी ते घालून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून चालले आणि माझी चांगलीच फजिती झाली. मला एरवी पायाखाली फरशी वाचता येते. कुठे लादी संपून रबराची पट्टी सुरू होते, कुठे उतार आहे, सगळं तळपायाला कळतं. या बुटात काहीच कळेना. भिंत धरून परत आले आणि चपला घातल्या. तू म्हणालास ते खरं होतं, हे लेखी देते, फ्रेम करून दवाखान्यात लाव. पण सायकलवर बसून पाय अडकवले आणि वाटलं, हे बूट चालण्यासाठी नाहीतच, त्यांना चालायला लावणं हाच अन्याय आहे. जोर जिथे लावते तिथेच लागतो. मधे काही दबत नाही, हरवत नाही.

उजवी क्लीट जराशी फिरवून घेतली, कारण माझी उजवी टाच मुळात आत वळते. आता गुडघा सरळ चालतो. पाय काढण्याचा सराव इतका झालाय की परवा रात्री झोपेत तुझ्या भावोजींना टाच मारली. ते म्हणतात, स्पर्धा होईपर्यंत मी हॉलमध्ये झोपतो.

रविवारी सकाळच्या बसनं येते. स्टॉपवर ये, आणि माझ्या हातातली पिशवी घेण्यासाठी ओढाताण करू नकोस.

ताई


१० डिसेंबर

ती. ताईस,

कोपर कसं आहे? भावोजी म्हणाले की खपली धरली. ऐकून बरं वाटलं.

इकडे दवाखान्यात फार गर्दी चाललीय. नवी खुर्ची बसवायची आहे, माणसं सारखी येऊन मापं घेतात, रविवारचीही खात्री देता येत नाही. अशा परिस्थितीत फेब्रुवारीचं मला काही खरं दिसत नाही. आमच्या सायकल क्लबमध्ये एक बँकेतला माणूस आहे, चांगला धिप्पाड, त्याला टँडमच्या पुढच्या सीटची सवय आहे. तुझी इच्छा असेल तर त्याला विचारतो. नाहीतर या वर्षी नाव काढून घेऊ आणि पुढच्या वर्षी साधी पेडल लावून सावकाश बघू. घाई कसली आहे?

पेट्रोल पंपावर जे झालं त्यात दोष कुणाचाच नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
ढब्बू


१३ डिसेंबर

ढब्बू,

तीर्थरूप केव्हापासून झाले मी?

तुझं पत्र मिळाल्यावर मी दोन दिवस धुमसत होते. मला वाटलं, तू मला दोष देतोयस आणि वर मोठं मन दाखवतोयस. 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणजे चूक तुझीच, पण मी बोलत नाही, असंच ना? माझा पाय अडकला म्हणून आपण पडलो, असं तुला वाटतं, हे मी धरून चालले होते. मग राग थंड झाल्यावर मी ते पडणं पुन्हा सगळं आठवून बघितलं.

आपण पंपावर पाणी प्यायला थांबलो. तिथे कुणीतरी नुकतीच फरशी धुतली होती, साबणाचा वास येत होता. तू ओरडलास, "टेकतोय". मी टाच फिरवली. माझा पाय सुटला, अगदी वेळेवर सुटला, माझा डावा बूट जमिनीकडे निघालाही होता. पण मागची सीट उंच आहे. पाय जमिनीला लावायचा तर मला अख्खं अंग डावीकडे टाकावं लागतं. ते मी टाकलं. त्याच वेळी तुझा पांढरा शुभ्र बूट ओल्या फरशीवर सर्रकन घसरला, तो आवाज मी स्पष्ट ऐकला. कडक प्लास्टिकवर तू उभा, आणि वरून माझं वजन तुझ्यावर. कोण उभा राहील?

काल तुमच्या क्लबच्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या बरीच वर्षं नवऱ्यामागे टँडमवर बसल्यात. त्यांना विचारलं, तुम्ही थांबताना कोणता पाय टेकवता? त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागचा माणूस पाय टेकवतच नाही म्हणे. दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवून तो आपला सीटवर बसून राहतो. पुढचा दोन्ही पाय फाकवून उभा राहतो, दोन्ही ब्रेक दाबतो आणि सायकल धरतो. चारही पेडल एका साखळीनं एकत्रच फिरतात, म्हणून निघताना मागचा माणूस पेडल फिरवून पुढच्याला हवं त्या जागी आणून देतो, पुढचा एक पाय अडकवतो, सांगतो, आणि निघायचं. दुसरा पाय त्यानं निघाल्यावर सावकाश अडकवायचा, तोवर मागचा सायकल पळवत असतो. आपण दोघं मात्र एकाच वेळी पाय काढून एकाच बाजूला झुकत होतो, आणि त्याला तू दुप्पट पक्कं म्हणत होतास.

म्हणजे जमिनीशी संबंध तुझा आहे, माझा नाही. रबरी तळाचे बूट तुला हवेत, आणि दोन्ही बाजूंनी अडकणारी पेडलही तुलाच, कारण गर्दीत खाली बघायला तुला सवड नसते. माझे आहेत ते बरोबर आहेत.

तो बँकेतला धिप्पाड माणूस मला नको. तुझी नवी खुर्ची खोटी आहे, मावशीला विचारलं मी. आता मला सरळ सांग, मी मागे नको आहे का? तसं असेल तर लिही. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण खुर्चीची गोष्ट ऐकण्यापेक्षा ते बरं.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

खुर्ची खोटी आहे. आईनं मला तुझ्या फोनबद्दल सांगितलं तेव्हाच कळलं की आता माझी खैर नाही.

तू मागे नको आहेस असं स्वप्नातही नाही. मला भीती वाटते. आपण पडलो तेव्हा मी तुझ्या अंगावर होतो. उठलो तर तू फरशीवर हात फिरवून मला शोधत होतीस आणि विचारत होतीस, तुला लागलं का, तुला लागलं का. तुझ्या कोपरातून रक्त येत होतं. ते डोळ्यासमोरून जात नाही. मला दिसतं, मी पुढे बसतो, तुला सांभाळणं माझं काम, आणि मी तुला पाडलं. घरी सांगितलं की कुत्रं आडवं आलं. त्यानंतर गॅरेजचं दार उघडलं नाही. तुझा पाय अडकला असावा असं मी स्वतःला समजावत होतो, कारण ते सोपं होतं. तू वेळेवर पाय काढलास हे मला तुझ्या पत्रातून कळलं आणि मी दवाखान्यात पेशंट ताटकळत ठेवून बसून राहिलो.

मग उठलो आणि दुकानात गेलो. रबरी तळाचे, दोन बोल्टचे बूट घेतले. दिसायला रात्रपाळीच्या वॉचमनचे वाटतात. पेडल दोन्ही बाजूंची. दुकानदार म्हणाला, आणि ते पांढरे? मी म्हटलं, लग्नात घालेन.

सोसायटीच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बायकोला तुझ्या सीटवर बसवलं. तिला एवढंच काम दिलं, की काहीही झालं तरी पाय खाली टेकवायचा नाही. तिनं सगळा वेळ फोनवर बहिणीशी बोलण्यात घालवला. मी थांबत होतो, पाय फाकवून उभा राहत होतो, परत निघत होतो, आणि ती मागे भाचीच्या शाळेचं बोलत होती. फरशीवर पाणी ओतूनही बघितलं. मी हललो नाही. तिला तर आपण थांबलो हेही काही वेळा कळलं नाही.

तरी तू बसलीस की मला परत भीती वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. चालणार असेल तर रविवारी ये.

ढब्बू


१६ डिसेंबर

ढब्बू,

चालेल. भीती वाटली की तोंडानं सांगायची, खुर्च्या बसवायच्या नाहीत. आणि मला सांभाळणं हे तुझं काम नाही. सायकल उभी धरणं हे तुझं काम, ती ओढणं दोघांचं. तेवढं नीट केलंस की पुष्कळ झालं.

रविवारी येते. सायकलमध्ये हवा भरून ठेव.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

राइड संपल्यावर तू बसमध्ये झोपलीस आणि मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. फोनवर मला ते धड जमणार नाही.

रेल्वे फाटकापाशी आपण थांबलो तेव्हाचं आधी सांगतो. पुढे मागे सगळ्यांची खटाखट पाय काढायची धांदल, दोघेतिघे तर कडेला आडवे झाले. मी उभा राहिलो, ब्रेक दाबून, आणि तू मागे दोन्ही पाय अडकवून हात झटकत बसली होतीस, घरच्या गॅलरीत बसावं तशी. गाडी जाईपर्यंत मी जागचा हललो नाही. तेव्हा माझी भीती गेली. नीट गेली, परत आलेली नाही.

आता त्या शेवटच्या चढाचं. तू तिथेच होतीस, पण माझ्या बाजूनं काय होतं ते तुला माहीत नाही. अर्ध्यावर माझ्या दोन्ही मांड्यांत गोळे आले. इतके, की डोळ्यांपुढे रस्ता पांढरा झाला. मी मान वळवून म्हणालो, "ताई, माझे पाय गेले. मी थांबवतो."

तू म्हणालीस, "थांबलास तर या चढावर परत निघता येणार नाही. पाय काढू नकोस. नुसते फिरू दे. मी मारते."

मी पाय सोडून दिले. ते पेडलमध्ये अडकलेले होते, त्यामुळे आपोआप वरखाली होत राहिले. मी जोर लावत नव्हतो, जरासुद्धा नाही, आणि सायकल चढत होती. मागून तुझा श्वास ऐकू येत होता, मोठा आणि एका लयीत. मी हँडल सरळ धरलं आणि तुला वळणं सांगत राहिलो. इतकी वर्षं मी काकांना आणि सगळ्यांना सांगत आलो की तुझे पाय माझ्यापेक्षा दणकट आहेत. ते मी कौतुकानं म्हणत होतो, ताई. खरं मानत नव्हतो. त्या चढावर मला माझी लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी रडत होतो. तुला दिसलं नाही म्हणून सांगतोय.

वर पोचल्यावर तुला सेक्रेटरीबाई तंबूत घेऊन गेल्या, बूट काढायला. मी सायकल धरून उभा होतो. माइक घेतलेला माणूस माझ्याकडे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दृष्टिहीन बहिणीला शंभर किलोमीटर घेऊन आलात. केवढं मोठं काम केलंत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हटलं, "शेवटचा चढ तिनं एकटीनं मारला. मला ती घेऊन आली."

लोक हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. माइकवालाही हसला आणि माइक परत घ्यायला त्यानं हात पुढे केला.

मी माइक दिला नाही. हसणं थांबेपर्यंत उभा राहिलो, आणि परत सांगितलं.

ढब्बू